बाण खोलीकडे

३ मार्च, रविवार

निर्णय झाला. घरात सेंट्रल व्हॅक्यूम बसवणार. स्वतः.

काल डॉक्टरांनी हिला परत तेच सांगितलं. दमा निम्मा औषधाने आटोक्यात येईल, निम्मा धूळ टाळून. औषध त्यांचं, धूळ आमची. म्हणजे निम्मी जबाबदारी माझ्यावर आली. पहाटे हिच्या छातीत शिट्टी वाजते आणि मी शेजारी ओंडक्यासारखा पडून ऐकतो. काही करता येत नाही. ते आता बंद.

साडूंकडे आहे ही सिस्टिम. भिंतीत झाकणाची तोंडं, तोंडात नळी खुपसायची, धूळ भिंतीतल्या पाइपातून थेट अडगळीतल्या मशीनमध्ये. मेहुणीच्या घरी गेलं की ही मोकळा श्वास घेते, आणि साडू ते मोजल्यासारखे माझ्याकडे बघतात. त्यांनी कंपनीची माणसं बोलावून बसवून घेतली. मला माणसं कशाला? पाणीपुरवठ्यात तीस वर्षं पाइपातच काढली. आख्ख्या शहराला पाणी पाजलं. घराला हवा पाजायला कितीसा वेळ लागणार! एका रविवारचं काम. फार तर दोन.

आईला सांगितलं. तिने विचारलं, केरसुणी मोडली का?

५ मार्च, मंगळवार

ऑफिसात लंच टाइममध्ये प्लॅन काढला. लंच टाइम चारपर्यंत चालला. जिन्याखालच्या अडगळीत मशीन, तिथून मेन लाइन, मेनवरून चार ब्रँच: हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली, आमची खोली. साहेब येऊन टेबलापाशी उभे राहिले. म्हणाले, वस्ती लहान दिसते, पण शेवटच्या कनेक्शनला प्रेशर कमी पडेल. आणि सही करून गेले. माझ्याच घराचा प्लॅन आहे हे सांगणार होतो, पण सही झाल्यावर सांगण्यात अर्थ नव्हता.

प्लॅन आता अप्रूव्हड आहे.

९ मार्च, शनिवार

माल आला. पाइप, वळणाचे एल्बो, तीन तोंडांचे टी, चिकटवायचं सोल्युशन आणि मशीन. मशीन म्हणजे पिंपच. बरोबर जाडजूड पुस्तक. पुस्तक माळ्यावर टाकलं. ते नवशिक्यांसाठी असतं.

प्रत्येक टीवर बाण छापलाय. साडूंचा फोन आला (ह्यांना कोण कळवतं?). म्हणाले, बाण मशीनकडे ठेवा हं. मी हो हो म्हटलं. विमा विकणाऱ्या माणसाला पाइपातलं काय कळणार? बाण मेनकडून ब्रँचकडे, टाकीकडून नळाकडे. तीस वर्षांत एकदाही उलटं पाहिलं नाही.

ही म्हणाली, अहो पण धूळ तर खोलीतून मशीनकडे जायची ना? मग बाण खोलीकडे कसे? मी शांतपणे समजावलं, की आधी जोर खोलीपर्यंत पोचावा लागतो, मग तो धूळ घेऊन परत येतो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलेलं दिसलं.

१० मार्च, रविवार

गवंडी आला. भिंतीत खाचा पाडायला सुरुवात. माणूस हौशी आहे, हात चालतो, तोंड त्याहून जास्त. दुपारपर्यंत हॉलमध्ये समोरचा माणूस दिसेना. सोफ्यावर चादरी, आईवर पण चादर. ती चादरीखालून जप करत होती.

हिचा खोकला सुरू झाला. थांबेचना. दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला. ओठ जरा निळसर वाटले. गवंड्याला थांब म्हणायचं सुचलंच नाही, मी नुसता पाण्याचा पेला धरून उभा.

मेहुणी येऊन घेऊन गेली. चार दिवसांसाठी. एकच बॅग नेली. उलट बरंच झालं, आता काम झपाट्याने होईल आणि ही परत येईल ती स्वच्छ घरात.

संकल्प: गुरुवारपर्यंत पूर्ण.

१२ मार्च, मंगळवार

गवंड्याने स्वयंपाकघरात पाण्याची लाइन फोडली. ती मीच टाकली होती, पंधरा वर्षांपूर्वी, त्यामुळे ती तिथे असेल असं वाटलं नव्हतं. फवारा थेट छतापर्यंत. प्रेशर उत्तम आहे, एवढं सिद्ध झालं. घरात धूळ होती तिचा चिखल झाला.

मेन कॉक जाम होता. ऑफिसात फोन करून आख्ख्या गल्लीचं पाणी बंद करायला लावलं. संध्याकाळी गल्लीतल्यांच्या तक्रारी माझ्याच टेबलावर आल्या. "तांत्रिक कारण" असा शेरा मारला.

१४ मार्च, गुरुवार

पूर्ण झालं नाही. कारण पाणी.

१७ मार्च, रविवार

गवंडी आलाच नाही. फोन उचलत नाही. एकदा उचलला आणि चुकीचा नंबर म्हणाला, स्वतःच्याच आवाजात. अर्ध्या भिंती पाडून गेला. आता छिन्नी माझ्या हातात. अडलंय कुणाचं!

दुपारी ही आली होती, तोंडाला ओढणी बांधून. दारातूनच आत डोकावली. स्वतःची उशी घेऊन गेली. मेहुणीकडच्या उशा मऊ आहेत, मानेला चालत नाहीत म्हणाली. खरं आहे. हिला कडक उशी लागते. त्यात दुसरा काही अर्थ नाही.

छिन्नी अंगठ्यावर बसली. अक्षर त्यामुळे असं येतंय.

२० मार्च, बुधवार

रजा टाकली. पाइप चिकटवले. हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली जोडली. बाण सगळे खोलीकडे, एका रेषेत. बघून डोळे निवले.

आई म्हणाली, आधी न चिकटवता नुसतं जोडून बघ, शिवताना मी आधी टाचून बघायचे. तिला सांगितलं की हे परकर-पोलकं नाही. नंतर एक टी तिरका चिकटलेला आढळला. सोल्युशन इतकं पक्कं आहे की निघत नाही. म्हणजे माल चांगला आहे. भिंतच थोडी तिरकी खोदली.

नवीन शोध! स्वयंपाकघरात चहा टाकताना भिंतीतून आवाज आला, साखर कमी घाल. आई तिच्या खोलीत पाइपाच्या तोंडाशी बसून बोलत होती. स्पष्ट, फोनपेक्षा स्पष्ट. मशीन नसताना सिस्टिम एवढी चालते, तर मशीन लागल्यावर काय होईल!

२४ मार्च, रविवार

आमच्या खोलीचा ब्रँचही जोडला. ही आली होती. वर आमच्या खोलीत कपाटातून हिवाळी कपडे काढत होती, पुढचा हिवाळा लांब आहे तरी. मी खाली स्वयंपाकघरात आईशी बोलत होतो. आई म्हणाली, तुझं हे असंच चाललं तर ती येते कशाला परत? मी म्हटलं, येईल गं, जाते कुठे!

भिंतीतून उत्तर आलं: बघू.

नंतर जाताना मनी प्लांटची कुंडी घेऊन गेली. पानांवर धूळ बसून त्याचा जीव गुदमरत होता म्हणाली. झाडांचं हिला फार.

वायरिंग राहिलं. झाकण उघडलं की मशीन आपोआप चालू व्हावं म्हणून पाइपाबरोबर बारीक वायर टाकायची असते म्हणे. साडूंकडे तसं आहे. नसते लाड. आपल्याकडे एकच स्विच, टाकीच्या पंपाला असतो तसा.

३१ मार्च, रविवार

भिंती बुजवल्या. सिमेंट, वर पुट्टी. प्लास्टर जरा उंचसखल आहे, पण फर्निचर सरकवलं की दिसणार नाही. सिमेंटचं एक पोतं आणि पुट्टीचं दीड पोतं उरलं. तोंडं उघडीच आहेत पोत्यांची, मशीनशेजारी अडगळीत ठेवली. टचअपला लागतील.

भिंती बुजवण्याआधी टेस्टिंग करायला हवं होतं, असं साडूंचं म्हणणं (परत फोन). पाण्यात आम्ही गळती दिसली की बघतो. हवेची गळती दिसतच नाही. मग प्रश्नच मिटला.

हिने आज टेम्पो पाठवला. शिलाई मशीन घेऊन गेला. रिपेअरला टाकणार असेल. कुरकुरत होतंच ते.

३ एप्रिल, बुधवार

ऑफिसातून आलो. दारात हिच्या चपला नाहीत, त्याची आता सवय व्हायला हवी होती. झाली नाही. खोकला कानावर पडत नाही म्हणून घर शांत वाटेल असं वाटलं होतं, तर शांतता सहन होईना. दोन कप काढले. एक परत ठेवला.

स्वयंपाकघरातल्या तोंडाशी गेलो. आई झोपली होती, घोरणं ऐकू येत होतं. झाकण उचललं आणि म्हटलं, घर ओकंबोकं झालंय गं, ये आता. भिंतीला सांगितलं. एवढंच.

आज काम नाही केलं. अंगठा दुखतो.

४ एप्रिल, गुरुवार

आई झोपली नव्हती. घोरायचं सोंग करते, हे मला पन्नास वर्षांत कळलं नाही. तिने सकाळी सातलाच हिला फोन लावून सगळं शब्दशः सांगितलं, हुंदक्यासकट. मी हुंदका दिलाच नव्हता.

पण हिचा फोन आला! म्हणाली, खरंच म्हणालात? मी म्हटलं, पाइपाची टेस्टिंग करत होतो. ती हसली. किती दिवसांनी. रविवारी येते म्हणाली. कायमची. मशीन चालू करा, मी स्वतः पहिली नळी लावते.

संकल्प: रविवार म्हणजे रविवार. आता कोणतीही सबब नाही.

६ एप्रिल, शनिवार

मशीन जोडलं. मशीनला दोन भोकं, एकाच मापाची. कुठलं घराकडे? पुस्तक माळ्यावर, शिडी गवंड्याने नेलेली. तीस वर्षांचा अनुभव वापरला. मशीन चालू करून दोन्हीकडे हात धरला. एक भोक मुळमुळीत, हाताला चिकटू बघत होतं. दुसऱ्यातून असा जोर आला की बाही फडफडली. जिथून जोर ती मेन. घराचा पाइप त्यालाच जोडला. मुळमुळीत भोक अडगळीत उघडं ठेवलं, पोत्यांच्या बाजूला. कशासाठी दिलंय कोण जाणे. व्हेंट असेल.

आत एक कापडी पिशवी होती, गाळणीसारखी. गाळणी म्हणजे प्रेशरला अडथळा. काढून टाकली.

चाचणी: स्विच दाबून लगेच बंद केला. आईच्या खोलीच्या तोंडासमोर तिने पेपर धरला होता, तो तिच्या हातातून उडून पंख्यावर गेला. आई म्हणाली, अरे, हे ओढतंय की फुंकतंय? म्हटलं, जोर बघ, जोर!

घर पुसून घेतलं. चार वेळा. चादरी धुतल्या, पडदे धुतले. हिच्या जागेवर दुसरी उशी ठेवली, कडक. बोट फिरवून पाहिलं, कणभर धूळ नाही. खरं तर आता व्हॅक्यूमला करायला काही उरलेलं नाही.

७ एप्रिल, रविवार, सकाळ

उद्घाटन अकराला. ही, मेहुणी, साडू. साडूंना मुद्दाम बोलावलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला!

चारही तोंडांची झाकणं उघडून ठेवली, आधीच. नवीन लाइन चार्ज करताना, म्हणजे पहिल्यांदा पाणी सोडताना, सगळे नळ उघडे ठेवतात.

कुंडी आणणार आहे ही. फोनवर म्हणाली. अंगात नवीन शर्ट.

७ एप्रिल, संध्याकाळ

ही हॉलच्या मधोमध उभी होती, हातात नळी. भिंतींवरून हात फिरवत म्हणाली, छान केलंत हो, खरंच. साडू नुसते प्लास्टरवर टिचक्या मारत होते, हे मी नीट पाहिलं. मी जिन्याखाली जाऊन स्विच दाबला.

सिमेंटचं पोतं माझ्या डोळ्यांसमोर रिकामं झालं. मग पुट्टीचं. त्या मुळमुळीत भोकात.

घरातून किंकाळी. मी आधी ती कौतुकाची समजलो.

हॉल दिसत नव्हता. चारही खोल्यांत चारही तोंडांतून सिमेंट. साडू आख्खे पांढरे. आई पलंगावर बसल्याजागी पांढरी, डोळे तेवढे उघडे. ही जमिनीवर बसली होती, एक हात छातीवर, दुसऱ्याने पंप शोधत होती. मला दिसतच नव्हतं पंप कुठे पडलाय. मी रांगत होतो. ह्या घरात मी माझ्या बायकोला श्वास घेऊ देऊ शकत नाही, एवढंच डोक्यात होतं. साडूंनी तिला उचललं आणि बाहेर नेलं. मी आत रांगतच होतो, पंप शोधत. तो सापडला तेव्हा गाडी गेली होती.

स्विच नंतर आईने बंद केला.

७ एप्रिल, आणखी उशिरा

मेहुणीचा फोन. डॉक्टरांकडे नेलं होतं, आता बरी आहे. झोपली आहे. देवा.

८ एप्रिल, सोमवार

शांत डोक्याने विचार केला. सिस्टिम फेल नाही. जोर भरपूर आहे, चारही कनेक्शनला सारखा, साहेबांची शंका खोटी ठरली. फक्त दिशेचा किरकोळ मुद्दा आहे.

आईही मेहुणीकडे गेली. चार दिवसांसाठी. जाताना म्हणाली, लोक दुसऱ्याच्या डोळ्यात धूळ फेकतात, तू घरच्यांच्याच फेकलीस. एक बॅग नेली. उशी पण नेली.

११ एप्रिल, गुरुवार

घराचा पाइप आता मशीनच्या मुळमुळीत भोकाला जोडला. कापडी पिशवी परत घातली. नळी हॉलच्या तोंडात लावली, चालू केलं. ओढलं! खरोखर ओढलं! एक मिनिट. मग भिंतीत खडखड, मग घरघर, मग काही नाही.

प्रत्येक टीपाशी तुंबलंय. बाण उलटे, त्यामुळे धूळ वळणावर भिंतीलाच जाऊन थडकते. ठोकून पाहिलं. आत सिमेंट आहे, ओल लागून बसलंय. ओल कुठून? स्वयंपाकघरातली फुटलेली पाण्याची लाइन, मीच सांधलेली, झिरपते आहे. पाइपाच्या बाबतीत माझं चुकत नाही, पाइपांचं चुकतं.

साडूंना फोन केला. बाण कुठल्या दिशेला म्हणाला होतात, असं विचारलं. सहज. ते म्हणाले, मशीनकडे. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, रविवार

हॉलची भिंत परत फोडायला घेतली. दोन टी निघाले, भिंतीच्या तुकड्यांसकट. संकल्प: आता रोज एक बाण सुलटा करायचा.

स्वयंपाकघराच्या तोंडाशी उगाच जाऊन बसलो. आई, चहा घेणार का, असं विचारलं. पाइप तुंबलेला. आवाजही पलीकडे गेला नाही. पलीकडे कुणी नव्हतंच म्हणा.

१६ एप्रिल, मंगळवार

खोकला. मला. रात्रभर. छातीत बारीक शिट्टी. माझ्याच छातीत वाजली तेव्हा कळलं ती किती एकटी असते. ही पंधरा वर्षं हे ऐकत होती आणि सकाळी उठून डबा देत होती.

डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. म्हटलं, त्याचीच सिस्टिम बसवतोय. त्यांनी माझ्या केसांतलं सिमेंट पाहिलं. काही दिवस दुसरीकडे राहा म्हणाले.

१८ एप्रिल, गुरुवार

साडूंकडे आलोय. फक्त चार दिवसांसाठी. एकच बॅग. आणि उशी, कारण इकडच्या मऊ असतात.

आईने दार उघडलं. अगं बाई, म्हणाली, आणि आत जाऊन माझ्याही चहाचं सांगितलं. खिडकीत मनी प्लांटला तीन नवी पानं फुटली आहेत. शिलाई मशीन खिडकीखाली मांडलेलं, रिपेअर झालेलं दिसतं. साडूंनी अडगळीतलं मशीन दाखवलं, एल्बो दाखवले, बाण दाखवले. सगळे मशीनकडे. एक एल्बो मला जरा सैल वाटला. पाना मागितला तर ही कुठून तरी आली आणि पाना माझ्या हातातून काढून घेतला.

पहाटे जाग आली. कान देऊन पडून राहिलो. शिट्टी नाही. हिचा श्वास सरळ चालला होता, आत, बाहेर. बरं वाटलं. आणि हे माझ्या घरात झालं नाही याचं फार वाईट वाटलं, तेही लिहून ठेवतो.

सकाळी हिने विचारलं, तिकडचं काम कधी संपेल? मी म्हटलं, चार दिवस. फार तर. ती हसली नाही. आपली उशी थोडी भिंतीकडे सरकवली आणि माझी शेजारी ठेवली.